आतला माणूस

२१ जुलै २०२५, सोमवार. रोहा

पोचले. सामान वर चढवलं, खिडकी उघडली, समोर कुंडलिका दिसली आणि मन एकदम प्रसन्न झालं. असलं वाक्य मी लिहीन असं कुणी सांगितलं असतं तर हसले असते, पण खरं आहे ते. पुण्यात तीन वर्षं पडद्यावर कुलपांची चित्रं काढली. इथे ती चित्रं लोखंडात उतरणार.

घरमालकीण बायजाबाई जिन्यातच उभी होती. नाव विचारलं, सुरभी म्हटलं, तर म्हणाली नाव छान हाय. मग माझं गाव, जात, पगार आणि मासे खाते का, हे सगळं मी वर पोचायच्या आत विचारून झालं. मासे खाते म्हटल्यावर बाकीची उत्तरं तिने माफ केली.

कारखाना धाटावला, रासायनिक कंपन्यांच्या गर्दीत कोपऱ्यात. वास असा की पहिल्या दिवशी नाक धरावं आणि दुसऱ्या दिवशी विसरावं. मालक कमळाकर आजवर लोखंडी कपाटं बनवायचे. आता त्यांना विजेची कुलपं बनवायची आहेत, कारण त्यांच्या व्याह्याने मुंबईत एक पाहिलं. उद्योगात उतरायला इथे एवढं कारण पुरतं. पण माणूस बरा आहे. माझं काम झालं की कुलपावर नाव माझं, असं स्वतःहून म्हणाले. त्यासाठी मी धाटावचा वास काय, काहीही सहन करीन.

२४ जुलै, गुरुवार

आज नमुना तयार झाला. हातात घेतला आणि दिवसभर खाली ठेवला नाही.

इथल्या लोकांना समजावून सांगताना घसा बसला, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. दाराच्या कुलपातून खिट्टी निघते आणि चौकटीतल्या एका खाचेत शिरते. त्या खाचेला आम्ही खिट्टीचं घर म्हणतो. कोकणात पावसाळ्यात दार फुगतं, खिट्टी घरात अडकते, कुलूप रुसतं. मग फिटर येतो, कानस मारतो, चहा पितो, पैसे घेतो. उन्हाळ्यात दार आकसतं, खडखडतं, तोच फिटर परत येतो. माझ्या कुलपात खिट्टीचं घरच सरकतं. दार जेवढं दाबेल तेवढं ते मागे होतं आणि नव्या जागेशी जुळवून घेतं. पहिल्यांदा बंद केलं की दार ओळखतं आणि ती ओळख धरून ठेवतं. जुळलं की हिरवा दिवा, नाही जुळलं तर पिवळा. उघड-बंद करणं आणि सगळी नोंद फोनवर. चार स्क्रू आणि एकच माणूस, तोही बाहेरून. आत उभं राहून 'जरा वर घ्या, जरा खाली घ्या' असं ओरडणारा दुसरा माणूस लागतच नाही.

हे शेवटचं ऐकून बाबाजीचा चेहरा पडला. बाबाजी आमचा फिटर, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावचा. कुठेही जाताना आपला मेहुणा सखा याला बरोबर नेतो. सखा काय करतो, तर आत उभा राहतो. पंचवीस वर्षं या गृहस्थाने आत उभं राहण्याची मजुरी घेतलेली आहे.

बाबाजी म्हणाला, नव्या कुलपाची पहिली कडी रिकाम्या खोलीवर घालायची नसते. एकाने आत राहायचं. बाहेरच्याने दारावर थाप मारून विचारायचं, आत कोण आहे. आतल्याने स्वतःचं नाव सांगायचं. मग बंद करायचं, उघडायचं, तो बाहेर आला की काम झालं. मिठागरावरच्या खोपटाला कुलूप लावायचं असलं तरी त्यांच्याकडे असंच करतात. मी विचारलं, का? तर म्हणाला, का ते त्याला माहीत नाही, त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. मेहुण्याचं पोट भरण्याची याहून पवित्र युक्ती माझ्या ऐकण्यात नाही.

२८ जुलै, सोमवार. पेण

मुलींचं नवं वसतिगृह. गावोगावच्या मुली इथे कॉलेजसाठी राहणार आहेत. संस्था गिरजाबाई नावाच्या एका करारी म्हातारीची आहे. गणपतीआधी एका दारावर कुलूप चालवून दाखवायचं, तिला पटलं तर सगळी दारं आमची.

रस्त्यात गणपतींचे ट्रक. पेण जवळ आल्यापासून प्रत्येक वळणावर मूर्ती चढवणं चालू, आणि मूर्तीला धक्का लागू नये म्हणून अख्ख्या महाराष्ट्राने थांबावं अशी अपेक्षा. थांबले.

तळमजल्यावरची कोपऱ्याची खोली दिली. एक खाट, एक जाळीची खिडकी, चुन्याचा ताजा वास. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकटीने, बाहेरून, चार स्क्रू. बाबाजी आणि सखा हाताची घडी घालून उभे, आजूबाजूला रंगारी गोळा झालेले. बंद करायच्या आधी बाबाजी पुन्हा पुटपुटला, आतला उभा करा. मग म्हटलं, यांची हौस फेडूच. दारावर थाप मारली आणि मोठ्याने विचारलं, "आत कोण आहे?" अर्थात कुणी नाही. तेव्हा मीच उत्तर दिलं, "खोली रिकामी आहे, हवं त्याने यावं."

रंगारी हसले. सखा हसला नाही, पण त्याची मजुरी बुडत होती.

बंद केलं. दिवा लगेच हिरवा झाला, इतक्या लगेच की मीसुद्धा चकित झाले. कमळाकरांना फोन करून सांगितलं, ते तिकडून टाळ्या वाजवत होते.

१ ऑगस्ट, शुक्रवार. पेण

दिवा पिवळा. फोनवर पाहिलं तर खिट्टीचं घर मागे सरकलेलं, आणि ते आतून बाहेर येणाऱ्या दाबाने. कुणी आतून दाराला पाठ लावून बसलं तर सरकेल, तेवढं.

दार उघडलं. आत कुणी नाही. बाहेर सुताराला बोलावून विचारलं, हे लाकूड आहे की पाव? फुगलंय किती. तो म्हणाला लाकूड वाळलेलं आहे, पाऊसही गेले चार दिवस नाही. इथला प्रत्येक सुतार आपल्या लाकडाची बाजू पोटच्या पोरासारखी घेतो. लोखंडी दार बसवायला सांगून आले. लोखंड फुगत नाही, आणि त्याची बाजू घ्यायला मी आहे.

६ ऑगस्ट, बुधवार. पेण

लोखंडी दार बसलं. कुलूप तेच ठेवलं, दार बंद केलं, दिवा हिरवा झाला. समोरच्या टपरीवर चहा पिऊन आले तोवर पिवळा.

आत जाऊन सगळं तपासलं. चौकट सरळ आहे. बिजागऱ्या ठीक. खिडकीची जाळी पक्की. आतल्या बाजूला मी एक खटका ठेवला आहे. वीज गेली तरी तो दाबला की दार उघडतं, मुली अडकू नयेत म्हणून. तो हाताला कोमट लागला. बराच वेळ कुणी मुठीत धरून ठेवावा तसा.

मोटर तापली असेल. मोटर चौकटीत आहे आणि खटका दारावर, तेव्हा मोटरची ऊब खटक्याला लागणार नाही, हे मला कळतं. पण आज एवढ्यावरच थांबते.

८ ऑगस्ट, शुक्रवार. रोहा

बाबाजीने आज कारखान्यात सगळ्यांसमोर मला विचारलं, काल पेणला आलात तर भेटलात का नाही. मी काल दिवसभर धाटावला होते, कमळाकरांसमोर. तो म्हणाला, नाही, तुम्ही कोपऱ्याच्या खोलीत होतात, दार बंद होतं, मी व्हरांड्यातून जात होतो तर आतून हाक मारलीत. माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत.

मला बाबाजीला गुडघे आहेत हेच आज कळलं. त्याला विचारलं, सकाळी किती घेतली होती? सखा म्हणाला, त्यानेही ऐकलं, आवाज म्याडमचाच, पण "जरा चांगल्या बोलत होत्या."

कारखाना हसला. मी हसले नाही. गावाकडच्या विनोदाला माझ्याकडे वेळ नाही. रात्री जेवण गेलं नाही, बायजाबाईने विचारलं तर पित्त झालंय म्हटलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. पेण

भर दुपारी, व्हरांड्यात रंगारी जेवत असताना.

मी बाहेरून दारावर तळवा टेकवला. दिवा हिरव्याचा पिवळा झाला. तळवा काढला, दाब तसाच राहिला. पुन्हा टेकवला तर लोखंडातून, बरोबर माझ्या तळव्याखाली, आतून कुणीतरी दाबलं. मी हात वर सरकवला. तेही वर आलं. मग मी खांदा लावला. त्या बाजूने खांदा लागला, माझ्याच उंचीवर.

कुलूप आमच्या दोघींच्या मध्ये जुळवून घेत होतं. कुर्रर्र, थांब, कुर्रर्र. मोटरचा हा आवाज मला आवडायचा.

'दोघींच्या' असं लिहिलं मी. खोडत नाही.

दार उघडलं नाही. रंगारी बघत होते, म्हणून चप्पल नीट करण्याचं सोंग केलं आणि गाडीत येऊन बसले. मी घाबरले आहे. असल्या लोकांच्या असल्या खुळचट गोष्टीला मी घाबरले आहे, याचा मला भयंकर राग येतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार. पेण

मोटर बदलली. वायर काढून टाकली. आता कुलूप म्हणजे नुसता पत्रा आणि स्प्रिंग. तरी खिट्टीचं घर मागे जातं आणि येतं, श्वास घेतल्यासारखं.

दाराला कान लावला. लावायला नको होता.

आत कुणीतरी माझं नाव म्हणून बघत होतं. सुरभी. सुरभी. एकदा हळू, एकदा लाडात, एकदा ओळख करून देताना म्हणतात तसं. नवा ड्रेस घालून आरशासमोर वळून बघतात ना, तसं चाललं होतं. आवाज माझाच. माझ्यापेक्षा बरा.

१९ ऑगस्ट, मंगळवार. रोहा

कमळाकरांना म्हटलं, ते कुलूप मी काढते, दुसऱ्या दारावर दुसरं लावू. ते म्हणाले, शुक्रवारी गिरजाबाई येणार, तिने तेच दार पाहून ठेवलंय, आता काढलं तर म्हातारी समजेल की बिघडलं. मग माझ्याकडे बघून सरळ विचारलं. कुलूप चांगलं आहे की नाही, एकदा काय ते सांगा. नाही म्हणालात तर सोडून देऊ, मी आपला कपाटं करीन.

म्हणजे कुलूप गेलं आणि माझं नाव गेलं. मी परत पुण्याला, परत त्याच खोलीत, दुसऱ्याच्या नावाची चित्रं काढत.

मी म्हटलं, चांगलं आहे.

तेव्हा त्यांनीच तोडगा काढला. लोक कुजबुजतायत, ती तोंडं बंद करू. गिरजाबाई यायच्या आत बाबाजीच्या पद्धतीने एकदा करून टाकू, आतला उभा करून. सखा चालेल. सखा म्हणाला, तो नाही जाणार, दुप्पट दिले तरी नाही. बाबाजी माझ्याकडे न बघता म्हणाला, "ज्यानं बोलावलं त्यानं आत जायाचं. पुसलं का नाव सांगायचं. नाव सांगेल तो भायेर येतो."

आणि जो सांगणार नाही तो? असं मी विचारलं. चिडवायला म्हणून विचारलं होतं. बाबाजी म्हणाला, आत दोघं असल्याचं त्याने कधी पाहिलेलं नाही.

होऊन जाऊ दे तमाशा. एक थाप, एक नाव, चहा, संपलं. मी इंजिनियर आहे आणि शुक्रवारी मी दारामागे उभी राहून हजेरी देणार आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

झोप नाही. बायजाबाईला विचारलं, तुमच्या दाराला कडी घातली तेव्हा आत कोण होतं? म्हणाली, "मीच व्हते. नवी नवरी व्हते, लाजत नाव सांगितलं." आणि हसली.

उद्या नाव लगेच सांगायचं. मोठ्याने. थाप पडायच्या आत सांगितलं तरी चालेल.

पाठ केल्यासारखी म्हणतेय मी. सुरभी, सुरभी. तीसुद्धा अशीच —

२२ ऑगस्ट, शुक्रवार. कोपऱ्याची खोली

आत आहे. काढलेली वायर सकाळी परत जोडली. फोन कमळाकरांकडे, तेच बाहेरून बंद करणार. ही वही पर्समध्ये होती. काहीतरी करायला हवं म्हणून लिहितेय.

खोली रिकामी आहे. खाट, खिडकी, भिंत. पाहिलं नीट. कुणीसुद्धा नाही. मूर्ख लोक. मूर्ख मी.

दार बंद झालं. खिट्टी बसली. बाहेर बाबाजी खाकरतोय, जशी काही सत्यनारायणाची कथा सांगायची आहे. आता थाप —

पडली. "आत कोन हाय?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी — खांद्यामागून, कानाला लागून —

"सुरभी."

इतक्या गोड आवाजात मी माझं नाव कुणाला सांगितलेलं नाही.

दार उघडलं. उजेड. कमळाकर, बाबाजी, सखा. माझ्या तोंडावर उजेड आणि तिघांपैकी कुणी माझ्याकडे बघत नाही. माझ्या बाजूने माझा निळा कुर्ता पुढे गेला. माझी वेणी. मागे वळून पाहिलं नाही तिने. मी हात धरायला गेले — हाताला काही — 

दार बंद. दिवा फटीतून दिसतोय. हिरवा.

बाहेर बोलतायत. सगळं ऐकू येतं. ती म्हणतेय, "बाबाजी, मी तुम्हाला फार बोलले. मनात ठेवू नका." बाबाजी म्हणतो, जाऊ द्या ओ म्याडम. त्याचा आवाज भरून आलाय. त्याला खुर्ची मागवली तिने. गुडघ्यासाठी.

ओरडले. घसा फाटेपर्यंत. कमळाकर म्हणाले, आतून कसला आवाज येतोय का? ती म्हणाली, मोटर आहे, जुळवून घेतेय. ते म्हणाले, वा.

गिरजाबाई आल्या. सगळी दारं द्यायची ठरलं. म्हातारी म्हणतेय, पोरगी गुणाची आहे, मी उगाच ऐकलं होतं काहीबाही. सगळे हसतायत. मी आल्यापासून हे लोक माझ्याबरोबर असे हसले नव्हते. कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाहीये. बरंच वाटतंय सगळ्यांना —

ती म्हणतेय ही खोली अशीच बंद राहू दे. नमुना म्हणून.

खटका दाबला. खाली जातो, वर येतो. दार तसंच. खांदा लावला — घर मागे होतं — कुर्रर्र — पुन्हा घट्ट. पाठ लावली — मागे होतं — घट्ट. जितका जोर लावेन तितकं ते — असंच बनवलंय मी. असंच बनवायचं होतं मला —

चालले सगळे. पावलं. चहाला चालले.

कुणीतरी थांबलंय. सखा. खोकला त्याचाच. दाराजवळ आलाय. मी जाळीवर, दारावर, मुठी — ऐकलं त्याने. ऐकलंच. श्वास धरून उभा आहे. आता हळूच, एका बोटाने थाप —

"आत कोन हाय?"

सखा. सखा, मी. मी आहे. नाव सांगितलं की झालं, नाव सांगेल तो बाहेर — सांगते. थांब. जाऊ नकोस. आत्ता होतं. जिभेवर होतं. मी — माझं नाव —